कमरेला कोणते पिस्तूल?

१. लायसन झाले, आता घ्यायचे कोणते?

बारामतीतला सराफ, इंदापूरच्या बाजूला महामार्गावर पंप चालवणारा मालक, ऊसतोडीच्या टोळ्यांना उचल देण्यासाठी रोकड घेऊन फिरणारा वाहतूकदार, जमिनीच्या वादात धमक्या आलेला बागायतदार. पुणे जिल्ह्याच्या या टोकाला पिस्तुलाच्या परवान्याचा विचार करणारी माणसे साधारण अशी असतात. मंजुरी येईपर्यंत त्यांचे सगळे लक्ष कागदपत्रांवर असते. परवाना हातात पडला की मग प्रश्न सुरू होतात. हलके कोणते? शर्टातून दिसणार नाही असे कोणते? गाडीत बसताना टोचणार नाही असे कोणते?

प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची उत्तरे बहुतेक जण मोबाइलवरच्या अमेरिकी व्हिडिओंत शोधतात, आणि तिथेच घोटाळा होतो. त्या व्हिडिओंत दिसणारी ग्लॉक किंवा सिग सॉअर कंपनीची छोटी पिस्तुले बहुतांशी ९ मिमीची असतात. भारतात सामान्य नागरिकाला ती मिळत नाहीत. परदेशी हत्यारांची आयातही सर्वसामान्यांसाठी १९८० च्या दशकापासून बंद आहे. नामवंत नेमबाजांसारखे मोजके अपवाद सोडले, तर बाजारात आहे ते देशी किंवा मग कोणाच्या तरी आजोबांच्या काळातले विलायती.

त्यामुळे आपल्याकडे सोयीचे पिस्तूल शोधायचे तर सुरुवात दुकानापासून होत नाही. ती कायद्यापासून होते.

२. झाकून बाळगणे हा नियमच आहे

हत्यार लपवून बाळगावे की उघड, यावर अमेरिकेत राज्याराज्यांत वेगवेगळे कायदे आहेत. भारतात हा विषय २०१६ च्या शस्त्र नियमांनी मिटवून टाकला आहे. त्यातला ३२ वा नियम असा: सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर न्यायचे तर ते त्यासाठीच बनवलेल्या होल्स्टरमध्ये, अंगाला बांधलेले असले पाहिजे. नाहीतर पाठपिशवी किंवा तसल्याच पिशवीत ठेवलेले चालते. ते पूर्णपणे झाकलेले हवे. शिवाय ते बाळगणाऱ्याचा त्यावर प्रत्यक्ष ताबा हवा. सार्वजनिक ठिकाणी हत्यार परजणे, दाखवणे किंवा झाडणे यावर सक्त बंदी आहे, आणि नियम मोडणाऱ्याचा परवाना रद्द होऊ शकतो.

म्हणजे पांढऱ्या शर्टावर कातडी पट्टा बांधून, त्यात रिव्हॉल्वर लटकवून जत्रेत किंवा लग्नाच्या मांडवात फिरणे हा रुबाब नाही, नियमभंग आहे. मांडवात हवेत बार काढणाऱ्यासाठी तर २०१९ च्या दुरुस्तीने वेगळे कलमच आणले. बेदरकारपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कोणाला गोळी लागली नाही, तरीही.

२०२४ च्या जुलैत मुळशी तालुक्यातल्या धडवली गावचा एक जुना व्हिडिओ राज्यभर फिरला. जमिनीच्या वादात एक महिला हातात पिस्तूल घेऊन शेतकऱ्यांशी हुज्जत घालताना त्यात दिसत होती. पिस्तूल परवान्याचे होते. तरीही गुन्हा दाखल झाला, अटक झाली आणि परवाना रद्द करण्याची कार्यवाही सुरू झाली. परवाना हत्यार जवळ ठेवण्यासाठी मिळतो. ते समोरच्याला दाखवून धाक घालण्याची मुभा त्यात नसते.

पूर्णपणे झाकलेले आणि पूर्ण ताब्यात, या दोन अटी लक्षात ठेवल्या की पुढची निवड बरीचशी आपोआप होते. जे हत्यार दिवसभर झाकून ठेवता येत नाही, किंवा झाकले तर ताब्यात राहत नाही, ते कितीही देखणे असले तरी उपयोगाचे नाही.

३. सगळे .३२ वरच का अडते?

शस्त्र कायद्याच्या नियमांत हत्यारांचे वर्ग पाडले आहेत. नागरिकाला मिळणारी पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर तिसऱ्या वर्गात येतात. ज्यांत लष्कराची ९ मिमी, .३८० किंवा .४५५ ची काडतुसे बसतात आणि उडतात, ती हत्यारे पहिल्या वर्गात, म्हणजे प्रतिबंधित. त्यांच्यासाठी जिल्ह्याची मंजुरी पुरत नाही, प्रकरण केंद्र सरकारकडे जाते.

ही विभागणी इंग्रजांच्या धास्तीतून आली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांवर परवान्याची सक्ती आली. पुढे लष्कराच्या कोठारातून पळवलेली काडतुसे लोकांच्या बंदुकांत बसू नयेत, म्हणून नागरी हत्यारांचा बोअर मुद्दाम वेगळा ठेवला गेला. रायफलींत .३०३ च्या जागी .३१५ आली ती याच हिशेबाने. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा नवा कायदा झाला, पण ही भिंत राहिली.

बोअर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचा व्यास. .३२ म्हणजे इंचाचा साधारण एक तृतीयांश, सुमारे आठ मिलिमीटर. पण .३२ मध्येही दोन निराळी काडतुसे आहेत, आणि नवखा इथे हमखास गोंधळतो. रिव्हॉल्वरचे काडतूस लांब असते आणि त्याच्या बुडाला कडा असते. पिस्तुलाचे आखूड असते. एकाचे काडतूस दुसऱ्यासाठी घेऊन चालत नाही.

बाजारात मुख्यतः दिसते ते सरकारी कारखान्यांचे. कानपूरचे जुने .३२ रिव्हॉल्वर वेब्ली या इंग्रजी कंपनीच्या पद्धतीचे, मधून मोडून उघडणारे. त्याच कुटुंबातले ‘निर्भीक’ जानेवारी २०१४ मध्ये आले. टायटॅनियमच्या मिश्रधातूची चौकट, वजन ५०० ग्रॅम आणि तेव्हाची किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. ते महिलांसाठी म्हणून पुढे आणले गेले. १८ ऑगस्ट २०२३ रोजी कानपूरच्याच ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीने ‘प्रबल’ बाजारात आणले. त्याचा सिलिंडर बाजूला उघडतो, नळी ७६ मिमीची, एकूण लांबी सुमारे १७८ मिमी, वजन ७०० ग्रॅम. पश्चिम बंगालमधल्या सरकारी कारखान्यांनी .३२ चे ‘अशनी’ पिस्तूल आणि .२२ चे जेमतेम २५० ग्रॅमचे ‘निडर’ रिव्हॉल्वर काढले. उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडिला इथे वेब्लीच्या नावानेही .३२ रिव्हॉल्वर बनू लागले आहे.

४. हलके म्हणजे सोयीचे?

दुकानात माणूस हत्यार हातात घेतो, तोलून पाहतो आणि हलके असेल तर खूश होतो. पण वजनाला दोन बाजू आहेत. कमरेला हलके बरे आणि हाताला जड बरे.

भिगवणच्या काठावर उजनीच्या पाण्यात मच्छिमारांच्या होड्या असतात. होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे सरकते. होडी जितकी हलकी, तितकी जास्त सरकते. गोळी पुढे जाते तेव्हा हातातले हत्यार असेच मागे येते.

हिशेब सोपा आहे. .३२ रिव्हॉल्वरची गोळी साधारण सहा ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला सुमारे २०० मीटर धरू. गुणाकार झाला १२००. आता याला हत्याराच्या वजनाने भागायचे. ७०० ग्रॅमचे ‘प्रबल’ सेकंदाला सुमारे १.७ मीटर वेगाने मागे येईल, ५०० ग्रॅमचे ‘निर्भीक’ २.४ मीटरने. गोळी तीच असूनही हलक्या हत्याराचा धक्का मनगटाला जवळजवळ दीडपट जाणवतो. दारूच्या वायूचा आणि भरलेल्या काडतुसांच्या वजनाचा हिशेब यात धरलेला नाही, पण कल कळायला एवढे पुरे.

.३२ चा धक्का मुळात सौम्यच असतो, त्यामुळे ‘निर्भीक’ कोणाचे मनगट मोडणार नाही. पण धक्क्याची भीती बसली की माणूस चाप ओढताना डोळे मिटतो, मनगट आधीच खाली झुकवतो आणि नेम जातो. म्हणून नुसते तोलून पाहून निवडणे चुकीचे आहे. सरावाच्या ठिकाणी त्याच जातीचे हत्यार दहा-वीस वेळा झाडून पाहता आले, तर ते पाहावे.

खेळातल्या पिस्तुलाकडे पाहिले तर वजनाची दुसरी बाजू दिसते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. त्या प्रकारात पिस्तूल १४०० ग्रॅमपर्यंत चालते, आणि मूठ हाताच्या पंज्याप्रमाणे घडवलेली असते. वजन हात स्थिर ठेवते. ते पिस्तूल कमरेला लावून कोणी उसाच्या फडात फिरणार नाही, पण मूठ हाताला बसली पाहिजे हा धडा तिथूनच घ्यायचा. करंगळीला मुठीवर जागा आहे का? तर्जनीचे पहिले पेर चापावर नीट येते का? पंजा लहान असेल तर जाड मुठीचे रिव्हॉल्वर हातात फिरते, मोठा असेल तर ‘निडर’सारखे छोटे हत्यार बोटांत हरवते.

५. जाडी, नळी आणि नेम

झाकायचे तर लांबीपेक्षा जाडी जास्त नडते. रिव्हॉल्वरचा सर्वात फुगीर भाग म्हणजे सिलिंडर, ज्यात सहा काडतुसे गोलाकार बसतात. आत खोचलेल्या, कडक इस्त्रीच्या शर्टाखाली तोच उठून दिसतो. पिस्तुलात काडतुसे मुठीतल्या मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेली असतात, त्यामुळे ते चपटे राहते. दिसण्याचा विचार केला तर पिस्तूल पुढे आहे.

पण वापराला रिव्हॉल्वर साधे. चाप पूर्ण ओढला की सिलिंडर फिरतो, हॅमर मागे जातो आणि सुटून काडतुसाच्या बुडातल्या टोपीवर आपटतो. एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचे समोर येते. पिस्तुलात काडतूस अडकले तर वरची सरकती पट्टी मागे खेचून ते मोकळे करावे लागते, आणि घाबरलेल्या हाताला ते सरावाशिवाय जमत नाही. ज्याला वर्षातून मोजकाच सराव जमणार आहे, त्याने जरा जाड असले तरी रिव्हॉल्वर घेतलेले बरे.

नळी आखूड असली तर झाकायला सोपे, पण नेमाला अवघड. समजा पुढच्या आणि मागच्या खुणांमध्ये १२ सेंटिमीटर अंतर आहे आणि नेम धरताना पुढची खूण फक्त एक मिलिमीटर हलली. सात मीटरवर गोळी जवळजवळ सहा सेंटिमीटर बाजूला जाईल, ५० मीटरवर चाळीस सेंटिमीटरहून जास्त. ‘प्रबल’चा पल्ला ५० मीटर सांगितला जातो. तो गोळीचा पल्ला आहे. धडधडत्या छातीने उभ्या असलेल्या माणसाच्या हाताचा पल्ला त्याच्या पासंगालाही पुरत नाही, आणि चुकलेली गोळी बाजार समितीच्या आवारात किंवा एस. टी. स्टँडवर कुणाला तरी लागते.

६. हातातून पडले तर?

हत्यार घेताना वजन विचारतात, किंमत विचारतात, सहा गोळ्या की आठ तेही विचारतात. पडले तर उडेल का, हा प्रश्न मात्र फार थोडे जण विचारतात. रोज अंगावर बाळगायच्या हत्याराबाबत खरे तर तो पहिला हवा.

१ ऑक्टोबर २०२४. अभिनेता गोविंदा पहाटे जुहूच्या घरून कोलकात्याला निघायच्या तयारीत होते. परवान्याचे .३२ रिव्हॉल्वर कपाटात ठेवताना ते हातातून निसटले, गोळी सुटली आणि गुडघ्याखाली पायात घुसली. शस्त्रक्रिया करून ती काढावी लागली. कोणी हल्ला केला नव्हता, कोणी चाप ओढला नव्हता. रिव्हॉल्वर जुने होते, आणि त्यात गोळ्या भरलेल्या होत्या.

असे का होते, ते समजायला सोपे आहे. जुन्या रचनेत हॅमरचे टोक थेट समोरच्या काडतुसाच्या टोपीवर टेकलेले असू शकते. रिव्हॉल्वर हॅमरवर आपटले की तो फटका सरळ टोपीला बसतो. अमेरिकेत १९४४ मध्ये नौदलाच्या जहाजावर स्मिथ अँड वेसनचे एक रिव्हॉल्वर डेकवर पडून उडाले आणि एक खलाशी मेला. कंपनीने त्यानंतर आतली रचना बदलली. हॅमर आणि काडतूस यांच्यामध्ये पोलादाची एक पट्टी येऊ लागली, आणि चाप पूर्ण ओढल्याशिवाय ती बाजूला होत नाही. दुसऱ्या एका रचनेत हॅमर काडतुसापर्यंत पोहोचतच नाही. चाप ओढल्यावर मध्ये उचलली जाणारी दांडी त्याचा फटका पुढे पोहोचवते. दोन्हींचा अर्थ एकच, चाप ओढला नाही तर गोळी नाही.

म्हणून विक्रेत्याला थेट विचारावे: यात हॅमर अडवणारी पट्टी आहे का, आणि असेल तर ती काम करते हे दाखवा. रिव्हॉल्वर रिकामे करून, दोनदा तपासून, मगच हे पाहायचे. वारसाने आलेले किंवा दुसऱ्या परवानाधारकाकडून घेतलेले जुने विलायती रिव्हॉल्वर असेल, तर ते आधी जाणत्या शस्त्र कारागिराला उघडून दाखवावे. झिजलेली स्प्रिंग आणि सैल खीळ बाहेरून दिसत नाही. जुन्या वेब्लीची किंमत लाखांत सांगितली जाते, म्हणून ते रोज बाळगायलाही उत्तम असेल असे मुळीच नाही. पट्टी नसलेल्या रिव्हॉल्वरबाबत जुन्या लोकांची रीत आजही बरोबर आहे: सहापैकी पाचच काडतुसे भरायची आणि हॅमरखालचे घर रिकामे ठेवायचे.

पिस्तुलात हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. नळीत काडतूस चढवून ठेवायचे की नाही? चढवलेले असेल तर हत्यार एका बोटाच्या हालचालीवर तयार असते, पण चूकही तितकीच जवळ येते. मोटारसायकलवर रोज खडबडीत रस्त्याने जाणाऱ्या, सराव बेताचा असलेल्या माणसाने नळी रिकामी ठेवणे शहाणपणाचे. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, हा तर घातक समज आहे. नळीत एक काडतूस राहिलेले असू शकते, आणि ‘रिकाम्या’ पिस्तुलाने घरात झालेले अपघात बहुधा त्याच एका काडतुसाचे असतात.

गावठी कट्टा या सगळ्याच्या बाहेरचा. मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातले, महाराष्ट्राच्या सीमेवरचे उमर्टी गाव पोलिसांच्या छाप्यांमुळे वर्षानुवर्षे बातम्यांत आहे. कट्ट्याच्या पोलादाची खात्री नसते, पडल्यावर गोळी अडवणारे काही नसते, आणि तो फुटला तर पहिली इजा धरणाऱ्याच्याच हाताला होते. विनापरवाना हत्यार बाळगण्याला २०१९ नंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे.

७. होल्स्टर

चांगल्या हत्याराला स्वस्त होल्स्टर लावणे ही नेहमीची काटकसर. तीच सगळ्यात महाग पडते. होल्स्टरने तीन कामे केली पाहिजेत. चाप पूर्ण झाकला पाहिजे, म्हणजे किल्ली, शर्टाचे टोक, बोट यांपैकी काहीही तिथे जाणार नाही. हत्यार घट्ट धरले पाहिजे, म्हणजे वाकून पाइपचा कॉक फिरवताना ते चारीत पडणार नाही. आणि तोंड उघडे राहिले पाहिजे, म्हणजे एका हाताने हत्यार परत ठेवता येईल. मऊ कापडी होल्स्टरचे तोंड मिटते, मग माणूस दुसऱ्या हाताने ते उघडतो आणि नळी स्वतःच्याच तळहातासमोर येते.

पट्टा जाड आणि ताठ हवा. ७०० ग्रॅमचे रिव्हॉल्वर, वर सहा काडतुसांचे पन्नास-साठ ग्रॅम आणि होल्स्टर. साध्या पट्ट्यावर हे सगळे दुपारपर्यंत खाली ओघळते, आणि माणूस चारचौघांत सारखी पँट वर ओढत राहतो. हत्यार कुठे आहे हे मग सगळ्या गावाला कळते. होल्स्टर रिकाम्या रिव्हॉल्वरसह लावून गाडीच्या सीटवर बसून, सीटबेल्ट लावून पाहावा. उजव्या कुल्ल्याच्या जरा मागे ठेवले तर चालताना छान वाटते, पण सीटवर बसले की तेच टोचते. पाठीच्या कण्यावर मधोमध ठेवण्याची फॅशन सिनेमातली. मोटारसायकलवरून मागे पडले तर ७०० ग्रॅमचे पोलाद थेट मणक्यावर आदळते.

बारामती-इंदापूरचा उन्हाळा हाही एक मुद्दा आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. पँटच्या आत, कातडीला लागून ठेवलेले हत्यार घामाने भिजते, आणि घामातले मीठ साध्या पोलादाला गंज चढवते. हत्यार शर्टाच्या आत पण बनियनच्या बाहेर ठेवावे, रोज रात्री रिकामे करून पुसावे आणि आठवड्याला तेलाचा हलका हात फिरवावा. चामड्याच्या होल्स्टरमध्येच रात्रभर ठेवू नये, चामडे ओल धरून बसते. कपड्यांत सैल, बाहेर सोडलेला नेहरू शर्ट किंवा वरून बंडी यासारखी सोय नाही.

८. पर्स

महिलांना बहुधा सुचवले जाते की पर्समध्ये ठेवा. नियमात पिशवीला जागा आहे, पण ताब्याची अट तिथेही सुटत नाही. पर्स खुर्चीला अडकवली जाते, नणंदेकडे दिली जाते, लहान मूल ती उघडते. ३० डिसेंबर २०१४ रोजी अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात हेडन गावच्या वॉलमार्ट दुकानात एका आईच्या पर्समधले पिस्तूल तिच्या दोन वर्षांच्या मुलाच्या हाती लागले आणि गोळी लागून ती जागीच मेली. पिस्तूल परवान्याचे होते, पर्स पिस्तुलासाठीच बनवलेली होती आणि कप्प्याला चेन होती. घरात लहान मूल असेल तर पर्सचा विचारच करू नये. साडीवर कमरेचे होल्स्टर अवघड जाते हे खरे. पण सलवार-कुर्ता किंवा जॅकेटखाली रुंद पोटपट्ट्याचे, चाप झाकणारे होल्स्टर लावता येते.

९. गरज

फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा नमूद केले की अमेरिकेप्रमाणे शस्त्र बाळगणे हा भारतात मूलभूत हक्क नाही. पुणे शहर आणि पिंपरी-चिंचवडमध्ये परवान्याचे काम पोलीस आयुक्तांकडे आहे, बारामती-इंदापूरकरांचे जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे. बारामती तालुका, वडगाव निंबाळकर, इंदापूर, भिगवण, वालचंदनगर, जे ठाणे लागू असेल तिथून चौकशी अहवाल जातो. अर्जदार २१ वर्षांचा हवा, शस्त्र सुरक्षेचे प्रशिक्षण हवे आणि जिवाला गंभीर धोका किंवा व्यवसायामुळे खरी गरज असल्याचे दाखवावे लागते. परवाना पाच वर्षांचा असतो, आणि एकाला जास्तीत जास्त दोन हत्यारे.

ही चाळणी नीट लागली नाही तर काय होते, ते बीड जिल्ह्याने दाखवले. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याची चर्चा झाली आणि प्रशासनाने फेरतपासणी करून शंभराहून अधिक परवाने रद्द केले.

पिस्तूल कमरेला असल्याने माणूस सुरक्षित होतोच असे नाही. मार्च २०२४ मध्ये इंदापूरजवळ महामार्गावरच्या हॉटेलात जेवायला बसलेल्या एकावर अचानक आलेल्यांनी गोळ्या झाडल्या आणि कोयत्याने वार केले. टेबलाशी बसलेल्या माणसाला अशा वेळी शर्ट वर करून होल्स्टरपर्यंत हात न्यायला सवड मिळत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये बारामती तालुक्यातल्या निंबुत गावात शर्यतीच्या बैलाच्या व्यवहारातल्या पैशांवरून वाद झाला, गोळीबार झाला आणि एकाचा जीव गेला. पैशाचा वाद पंचांकडे, कोर्टात जाऊ शकतो. हत्यार हाताशी असले की तिथपर्यंत जायचा धीर राहत नाही.

काही जण बिबट्याचे कारण सांगतात. उसात बिबटे आहेत, भीती खरी आहे. पण बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि अंधारात झेपावणाऱ्या जनावरावर आखूड नळीच्या .३२ ने नेम साधणे जवळजवळ अशक्य. रात्रीच्या पाण्याच्या पाळीला जोडीने जाणे, हातात बॅटरी आणि काठी असणे याचा उपयोग जास्त.

स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिलेला आहे. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे त्याबद्दलची आहेत. मात्र गरजेपेक्षा जास्त बळ वापरले की तो हक्क संपतो. पाठ फिरवून पळणाऱ्या चोरावर गोळी झाडणारा बहुतेक वेळा स्वतःच आरोपी होतो.

१०. नीरेचा पूल आणि निवडणुकीची पावती

परवान्यावर एक रकाना असतो: क्षेत्र. तो फारसा कोणी वाचत नाही. बारामती-इंदापूरकरांनी मात्र तो पाठ करावा. नीरा ओलांडली की फलटण, म्हणजे सातारा जिल्हा, किंवा माळशिरस, म्हणजे सोलापूर. भीमेपलीकडे करमाळा आणि माढा, तेही सोलापुरात. नीरा नरसिंहपूरला दोन्ही नद्यांच्या संगमावर उभे राहिले तर पलीकडचा काठ दुसऱ्या जिल्ह्याचा. परवान्यावर फक्त पुणे जिल्हा लिहिलेला असेल, तर पाहुण्यांच्या लग्नाला अकलूजला जाताना हत्यार घरी कुलपात राहिले पाहिजे. रोज दोन जिल्ह्यांत कामधंदा असणाऱ्याने अर्जातच तसे कारण देऊन राज्यभराचे क्षेत्र मागावे. विमानाने जायचे तर आधी कंपनीला कळवून, रिकामे करून, नोंदवलेल्या सामानातच ते नेता येते. हाताशी कधीच नाही.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की आणखी एक काम येते. बारामतीने २०२४ मध्ये ७ मेला लोकसभेचे आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान केले. अशा वेळी छाननी समिती परवानाधारकांची यादी पाहते आणि कोणी हत्यार जमा करायचे ते ठरवते. नोटीस आली तर ठाण्यात जाऊन हत्यार आणि काडतुसे मोजून द्यायची, पावती घ्यायची. पावतीवर हत्याराचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या दोन्ही लिहून घ्यावीत. जमा करताना रिव्हॉल्वरला तेल लावून द्यावे, कारण ते महिनाभर तिथे पडून राहणार असते. निकालानंतर परत घेताना क्रमांक ताडून पाहावा, सिलिंडर उघडून सहाही घरे तपासावीत, आणि मगच ते होल्स्टरमध्ये ठेवावे.